पेट्रोलची सीजे-३बी जीप: अमेरिकेहून काय मागवावं, खानदेशात काय करून घ्यावं

धुळे-जळगावकडे जुनी जीप विकायला निघाली की घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डिझेल ना?" पेट्रोल म्हटलं की निम्मी माणसं तिथूनच माघारी फिरतात. म्हणून मूळचं हरिकेन हे पेट्रोल इंजिन अजून पोटात असलेल्या जीपा बहुधा शेडमध्ये नाहीतर बांधावर, ताडपत्रीखाली उभ्या सापडतात. अशी गाडी घेऊन पुन्हा रस्त्यावर आणण्यात अर्थ आहे का, आणि तिच्यासाठी अमेरिकेहून मागवलेले सुटे भाग पैसे वसूल करतात का, याचं हे परीक्षण.

मत आधीच सांगून टाकतो. गाडी घेण्याजोगी आहे. पण बहुतेक लोक खर्चाचा क्रम उलटा लावतात. रंग, टायर, हूड, हेडलाइट आधी. रेडिएटर, पेट्रोलची वाट आणि ब्रेक मागाहून. खानदेशच्या उन्हाळ्यात हा क्रम चालत नाही. आणि मागवण्याच्या बाबतीत एक साधी वाटणी ध्यानात ठेवावी: जे गळती अडवतं आणि जे पेट्रोल मोजून देतं ते बाहेरून, चांगल्या प्रतीचं. लोखंड, पत्रा, पाटे (स्प्रिंगा) आणि घासकाम इथलंच. ही वाटणी चुकली की एकतर कुरियरमध्ये पैसे जातात, नाहीतर गाडी घाटात उभी राहते.

गाडी कशी आहे

सीजे-३बी मूळची ओहायोतल्या टोलेडोची. विलीज-ओव्हरलँडने ती १९५३ साली आणली आणि अमेरिकेत ती १९६८ पर्यंत बनत होती. आपल्याकडे महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू केली. पुढे हाच उंच बॉनेटचा साचा इथे अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालला. बॉनेट उंच आहे ते इंजिनामुळे. हरिकेन म्हणजे एफ-हेड: इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्याआधीच्या एल-हेड इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच होते, त्यामुळे ते बुटकं होतं. बोअर ३⅛ इंच, स्ट्रोक ४⅜ इंच, म्हणजे १३४.२ घन इंच, आपल्या भाषेत २.२ लिटर.

स्ट्रोक लांब असल्यामुळे हे इंजिन खालून ओढतं. तोरणमाळचा चढ असो की पालच्या बाजूचे सातपुड्यातले रस्ते, दुसऱ्या गिअरमध्ये ती शांतपणे चढते, गिअर बदलण्याची घाई नसते. शेतातल्या पांदीत फोर व्हील आणि लो गिअर टाकला की अजूनही तिला तोड नाही. उलट महामार्गावर ती केविलवाणी होते. एक्सलचं गुणोत्तर ५.३८, त्यामुळे ताशी ६५-७० च्या वर इंजिन ओरडायला लागतं, तापायला लागतं आणि पेट्रोल पिऊ लागतं. धुळ्याहून जळगावला ट्रकांच्या रांगेत शर्यत लावायची असेल तर ही गाडी घेऊ नये. पेट्रोलही लिटरला सात-आठ किलोमीटर धरूनच चालावं.

घेताना काय पाहावं

सगळ्यात आधी इंजिन नंबर. हरिकेनचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) बसते त्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. तो आरसी बुकाशी जुळतो का आणि बुकात इंधन पेट्रोलच लिहिलंय का ते बघा. अनेक जीपांत एकदा डिझेल बसवून मागाहून पुन्हा पेट्रोल इंजिन टाकलेलं असतं. अशा वेळी कागद एक सांगतो, बॉनेटखाली दुसरंच असतं. आणि डिझेल बसवताना इंजिन माउंटिंग व क्रॉस मेंबर कापले असतील तर चेसिसवर वेल्डिंगचे ठिगळ दिसतात. ते हाताने चाचपून पाहावेत, वरच्या रंगावर जाऊ नये.

नोंदणीबद्दल थोडक्यात. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसेल तर केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतरच्या पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नव्या नोंदणीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. शेतावर रोज जायचं असेल तर एमएच-१८, एमएच-१९ किंवा एमएच-३९ (धुळे, जळगाव, नंदुरबार) च्या नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरणच सोयीचं. आणि व्हिंटेजचा विचार असेल तर डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक असले बदल करण्याआधी थांबा.

खानदेशच्या गाड्यांचा एक मोठा फायदा आहे. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जीपेसारखा इथे पत्रा सडत नाही. फ्लोअर आणि बॅटरीचा ट्रे सोडला तर गंज वरवरचा असतो. चेसिसला मात्र पाट्यांच्या हँगरजवळ आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बसण्याच्या जागी तडे शोधावेत. ही गाडी ओव्हरलोड चाललेली असते, हे गृहीतच धरा.

इंजिनचं खरं परीक्षण दोन गोष्टींत होतं. एक, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. त्यांच्यातला फरक १० पौंडांच्या आत हवा. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घ्या. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. दोन, हेड काढायची मुभा मिळाली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांच्यामधली बारीक पट्टी नीट साफ करून भिंगाखाली पाहा. तापून तापून तिथेच तडा जातो. तडा असलेला ब्लॉक फुकट मिळाला तरी महाग पडतो.

इंजिन उघडल्यावर

बोअरिंग, क्रँक घासणं, व्हॉल्व्ह सीट बसवणं ही कामं जळगाव, धुळे, भुसावळ इथे उत्तम होतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन जुने महामार्ग धुळ्यात एकमेकांना कापतात, त्यामुळे ट्रकांच्या इंजिनावर हात बसलेले मिस्तरी तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हे काम बाहेर पाठवायची काहीच गरज नाही. फक्त क्रम पाळा: आधी ब्लॉक मोजून घ्या, मग मूळ मापापेक्षा दहा, वीस, तीस की चाळीस थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठे पिस्टन लागणार ते ठरवून मागवा, आणि पिस्टन हातात आल्यावर त्याच्या मापाने बोअर करा. पिस्टन येण्याआधी बोअर करून ठेवला आणि पार्सलात वेगळं माप निघालं, तर ब्लॉकमधलं एक माप फुकट गेलं. क्रँकचंही तसंच. मेन आणि बिग एंडच्या बेअरिंग शेल दहाच्या पटीत मिळतात. त्या आल्यावरच घासकाम करा.

हेड काढताना या इंजिनाची एक खोडी आहे, ती माहीत नसलेल्या मिस्तरीने आजवर किती हेड तोडली असतील कोण जाणे. हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या बरोबर खाली, इनटेकच्या भोकात दडलेला आहे. इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असल्यामुळे कार्बोरेटर उतरवल्याशिवाय तो दिसतच नाही. बाकीचे सगळे बोल्ट काढून हेड हलत नाही म्हणून पहार घातली जाते आणि हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो. बसवतानाही तो राहून गेला तर पॅकिंग महिनाभरात फुंकते.

पाने सुताचे घ्या. सगळे आटे इंचाचे आहेत. जवळपास बसतो म्हणून मिलिमीटरचा बोल्ट ठोकून बसवलेला असतो, तो प्रत्येक काढून टाकावा लागतो. टॉर्क पाना भाड्याने मिळाला तरी चालेल, पण हाताच्या अंदाजावर जाऊ नका. हेडचे बोल्ट ६० ते ७० फूट-पौंड, मेन बेअरिंग ६५ ते ७५, कनेक्टिंग रॉड ३५ ते ४५. हेड तीन फेऱ्यांत, मधून बाहेरच्या दिशेने आवळा.

टॅपेटचा गॅप थंड इंजिनावर: इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६ थाऊ. इथे एक आळस सर्रास चालतो. इनटेकचे टॅपेट वर रॉकरवर असतात, व्हॉल्व्ह कव्हर काढलं की काम होतं. एक्झॉस्टचे मात्र ब्लॉकच्या बगलेत, झाकणामागे, गरम मॅनिफोल्डच्या खाली. म्हणून ते सोडून दिले जातात. एक्झॉस्टचा गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि तो जळतो. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. तेव्हापासून मऊ सीट हळूहळू खाली बसते आणि हा गॅप आपोआप कमी होत जातो. त्यामुळे इंजिन उघडलंच आहे तर एक्झॉस्टला टणक सीट इन्सर्ट बसवून घ्याच. ते काम इथेच होतं.

पॉइंटचा गॅप २० थाऊ, प्लगचा ३० थाऊ, फायरिंग १-३-४-२, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो त्या जागेच्या) ५ अंश आधी. गाडी गरम झाल्यावर ऑइलचं प्रेशर ताशी ५०-५५ च्या वेगाला ३५ पौंडांच्या आसपास राहावं.

मागच्या मेन बेअरिंगचं सील हा बाहेरून मागवण्याचा अगदी योग्य भाग. जुन्या इंजिनांत विणलेली दोरी असते, नंतरच्या सेटमध्ये रबरी ओठाचं सील मिळतं. दोरीपेक्षा हेच घ्यावं. मेन कॅपच्या दोन बाजूंना रबरी पट्ट्या येतात, त्या ब्लॉकच्या कडेपासून साधारण पाव इंच बाहेर राहायला हव्यात, म्हणजे ऑइल पॅन आवळल्यावर दाबून बसतात. मिस्तरी नीटनेटकं दिसावं म्हणून त्या कापून सपाट करतात आणि मग क्लचवर तेल का येतं ते कळत नाही.

पेट्रोल आणि कार्बोरेटर

खरं दुखणं आजकाल इथे आहे. पंपांवर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं, आणि १९५० च्या दशकातलं इंजिन त्यासाठी बनलेलं नव्हतं. कॉम्प्रेशन कमी असल्यामुळे ऑक्टेनची अडचण नाही. अडचण रबराची, पाण्याची आणि मिश्रणाची.

रबर आधी. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मग ते कडक होऊन तडकतं. पेट्रोल पंपाचा पडदा, मूळच्या कार्टर वायएफ कार्बोरेटरच्या अॅक्सिलरेटर पंपाचा पडदा, नीडलचं (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं) टोक आणि सगळे होज यांत जातात. कार्टर वायएफमध्ये अॅक्सिलरेटर पंप पडद्याचाच असल्याने तो गेला की पाय दाबताच गाडी आचका देते, आणि लोक प्लग बदलत बसतात. दुरुस्ती किट मागवताना इथेनॉल सोसणारं असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. नीडलचं टोक व्हायटॉनचं (इंधन सोसणाऱ्या रबराचं) हवं. होज जे३०आर९ या इंधन-होजच्या दर्जाचा. टाकीपासून पंपापर्यंतचा तुकडाही बदला, कारण तो कुणी पाहत नाही.

यातच एक मोह टाळायचा. मूळ विलीजच्या खोक्यातला, कधीच न वापरलेला जुना साठा अमेरिकेत अजून मिळतो आणि तो पाहून हात शिवशिवतात. धातूचा भाग असेल तर डोळे झाकून घ्या, आजच्या नकलेपेक्षा तो सरस असतो. पण त्याच खोक्यातला पडदा, सील किंवा होज घेऊ नका. ५० वर्षं पडून राहिलेलं रबर नवं नसतं, आणि ते इथेनॉलसाठी तर कधीच नव्हतं.

आपल्याकडच्या अनेक जीपांवर कार्टरऐवजी सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर बसवलेला आढळतो. त्यामुळे किट मागवण्याआधी कार्बोरेटरवरचं नाव आणि पितळी पट्टीवरचा नंबर वाचा. सीजे-३बीच्या कार्टरवर बहुधा ९३८एसडी असा नंबर असतो. सोलेक्स असेल तर तोच ठेवावा, आणि थ्रॉटलचा शाफ्ट ढिला झालेला असेल तर इथे बुश घालून घ्यावा. नवा कार्बोरेटर मागवायची घाई नको. मागवायचाच झाला तर स्वस्त नकलेत पडू नका. त्यात जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाचं) माप भलतंच असतं आणि फ्लोटची सीट गळते. जुना अस्सल कार्टर घेऊन त्याला किट घालणं हाच आमच्या मते सर्वांत चांगला सौदा.

मिश्रणाचा हिशोब असा. शुद्ध पेट्रोलला १ भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्याच जेटवर मिश्रण आठेक टक्के पातळ होतं. लक्षणं ओळखता येतात: चढावर जोर कमी, कार्बोरेटरमधून फटफट, प्लग पांढरेफटक, आणि इंजिन जास्त गरम. आयडलचा स्क्रू पिळून हे सुटत नाही, तो फक्त आयडलपुरता असतो. मेन जेटचा व्यास सुमारे ४ टक्क्यांनी मोठा करावा लागतो. पण आधी प्लगचा रंग बघा. जुना कार्बोरेटर झिजून मुळातच जास्त पेट्रोल देत असेल तर जेटला हात लावायची गरजही पडणार नाही.

पाण्याचं संकट पावसाळ्यातलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. ठरावीक मर्यादेपुढे पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल राहतं. जून ते सप्टेंबर गाडी उभीच राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्धी ठेवू नका. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून आणतं. पहिल्या दोन-तीन टाक्यांपर्यंत काचेचा फिल्टर लावा, म्हणजे काय येतंय ते दिसेल.

आणि मग व्हेपर लॉक. हेडवर कार्बोरेटर आणि त्याच बाजूला खाली एक्झॉस्ट. मे महिन्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढून वर दहा मिनिटं थांबलं की पेट्रोल नळीतच उकळतं आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. "गाडी तापनी" म्हणून लोक रेडिएटरवर पाणी ओततात. तापलेलं असतं पेट्रोल. उपाय स्वस्त आहेत: पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवून बांधा, कार्बोरेटरखाली बेकेलाइटचा जाड स्पेसर घाला, एक्झॉस्टच्या बाजूने पत्र्याचा आडोसा लावा. हे तिन्ही इथे बनतात. टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावला तर काम आणखी पक्कं होतं. पण दाब ४ पौंडांच्या वर नको, नाहीतर नीडल उचलून पेट्रोल सांडतं, आणि खाली एक्झॉस्ट आहे. इंजिन बंद पडताच पंप बंद करणारा ऑइल प्रेशरचा स्विच त्याला लावलाच पाहिजे.

थंड ठेवण्याचं काम

रेडिएटरची जाळी बदलायची असेल तर ती इथल्या डाग देणाऱ्या कारागिराकडून बदलून घ्या, तांब्या-पितळेचीच. अमेरिकेहून आख्खा रेडिएटर मागवण्यात शहाणपण नाही. खोकं मोठं, आणि वाटेत पंख चेपतात. ब्लॉकच्या आतला क्षार हे इथलं खास दुखणं. बोअरचं पाणी जड, आणि वर्षानुवर्षं तेच ओतलेलं. ब्लॉकच्या मागच्या भागात, चौथ्या सिलिंडरभोवती चिखल साचलेला असतो. इंजिन उघडलंय तेव्हाच वेल्श प्लग (ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) काढून तारेने आणि पाण्याच्या फवाऱ्याने तो साफ करा. त्यानंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याची खानदेशात प्रथाच आहे. तसं करू नका. थर्मोस्टॅट गाडी किती गरम व्हावी हे ठरवत नाही, किमान किती गरम राहावी ते ठरवतो. तो काढला तर डिसेंबरात इंजिन थंडच चालतं, ऑइलमध्ये पाणी आणि गाळ धरतं, बोअर लवकर झिजतो. आणि मे महिन्यात जी गाडी तापते ती थर्मोस्टॅट काढूनही तापतेच, कारण दोष जाळीत किंवा ब्लॉकमध्ये असतो. रेडिएटरचं झाकण ७ पौंडांचं पुरे. आधुनिक गाडीचं १३-१५ पौंडांचं लावलं तर जुन्या रेडिएटरचे सांधे सुटतात. पंख्याभोवती पत्र्याचं कवच नसेल तर करून घ्या. हळू चालताना फरक पडतो तो त्यानेच.

ब्रेक, गिअर, चाकं

ब्रेक ९ इंची ड्रमचे, सर्किट एकच. एका चाकाचं सिलिंडर फुटलं की चारही ब्रेक जातात. घाटात वापरायची असेल तर दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवणं हा आमच्या मते या गाडीवरचा सर्वांत शहाणा बदल. मूळपण जपायचं असेल तर निदान व्हील सिलिंडर जुने घासून वापरू नका. ते नवे, चांगल्या प्रतीचे, हवे तर बाहेरून. पुढच्या आणि मागच्या सिलिंडरचे बोअर वेगवेगळे असतात. चारही एकाच मापाचे आले तर पार्सल परत करा. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली असतो, भरतानाच धूळ आत जाते. झाकण उघडण्याआधी सभोवती फडक्याने पुसणं एवढंच पुरतं, पण ते कुणी करत नाही. ब्रेक शू आणि ड्रम मात्र इथलेच. ड्रम जड असतो, त्याचं भाडं परवडत नाही.

गिअरबॉक्स टी-९० मध्ये जीएल-४ दर्जाचं ९० नंबरचं ऑइल. जीएल-५ नको, त्यातले गंधकाचे घटक पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर न करकरता पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) खातात. एक्सलमध्ये जीएल-५ चालतं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (फोर व्हील व लो गिअरची पेटी) यांच्यामधून तेल एकातून दुसऱ्यात जातं, म्हणून एकाचं कमी आणि दुसऱ्याचं जास्त भरलेलं दिसलं तर गळतीच समजू नका. पहिला गिअर सिंक्रोचा नाही, थांबूनच टाकायचा.

ताशी ४०-५० ला स्टिअरिंग थरथरत असेल तर चाकाचं बॅलन्सिंग शेवटी. आधी किंगपिनची (पुढचं चाक वळतं त्या खिळीची) बेअरिंग आणि त्यांचे शिम (पातळ चकत्या), मग ड्रॅग लिंक, टाय रॉड.

आणि डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे असू शकतात. बोल्टवर 'एल' अक्षर दिसतं का पाहा. पंक्चरवाल्याने लांब पाइप लावून उलटीकडे जोर केल्याने तुटलेले बोल्ट खानदेशातल्या निम्म्या जीपांवर सापडतील.

मागवताना

ओमिक्स-अडा, क्राउन अशा नावांचे नवे भाग अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे मिळतात. ते वर्षावरून मागवू नका. १९६८ नंतरची भारतीय जीप त्यांच्या यादीत नसते, आणि असलेल्यांतही गोंधळ आहे. विलीजच्या भागक्रमांकावरून मागवा. "१३४ इंजिन" एवढंच लिहिलेलं पॅकिंग किट घेऊ नका: एल-हेड आणि एफ-हेड दोन्ही १३४ च, पण हेडची पॅकिंग वेगळी. त्यांच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. म्हणून स्टिअरिंग, पेडल, ब्रेकच्या नळ्या, ड्रॅग लिंक यांना हात लावू नका, ते आपल्या गाडीला बसणार नाहीत. सुरुवातीच्या जीपांची वायरिंग ६ व्होल्टची, आपल्याकडे बहुतेक १२. कॉइल, बल्ब, गेज मागवताना व्होल्ट वाचा.

कुरियर खोक्याच्या आकारावर पैसे लावतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागा, येणारे किलो आणि खरं वजन यांत जे जास्त ते धरलं जातं. त्यावर सीमाशुल्क, आयजीएसटी आणि क्लिअरिंगचा आकार. म्हणून छोट्या-छोट्या पाच पार्सलांऐवजी एकच करावं, आणि विक्रेत्याला प्रत्येक भागाचं नाव व किंमत बिलावर स्वतंत्र लिहायला सांगावं. "ऑटो पार्ट्स" एवढंच लिहिलेलं पार्सल अडकतं.

एका पार्सलात बसणारी आणि पैसे वसूल करणारी यादी आमच्या मते अशी: एफ-हेडचं पूर्ण पॅकिंग किट, मागचं मेन सील, पिस्टन-रिंगा, बेअरिंग शेल, कार्बोरेटर किट, पेट्रोल पंपाचं किट, व्हील सिलिंडर, गिअरबॉक्स-ट्रान्सफर केसची सीलं आणि किंगपिन बेअरिंग. नव्या हेड पॅकिंगला पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांनंतर, साधारण ५०० किलोमीटरला, पुन्हा टॉर्क द्यावा लागतो. त्या वेळी तो दडलेला बोल्टही आवळायचा असतो, म्हणजे कार्बोरेटर पुन्हा काढणं आलंच. तेव्हा कार्बोरेटरखालची पॅकिंग मागवताना एक नको, दोन मागवा.